पहिल्याच रिंगला

१

त्या दिवशी सिबू गावात सूर्य उगवलाच नाही. उगवला असणार म्हणा, पण कुणाला दिसला नाही. नदीपलीकडची रानं दीड महिना जळत होती आणि धूर असा खाली बसला होता की सकाळचे नऊ आणि दुपारचे तीन सारखेच दिसत. वाऱ्याचा मागमूस नव्हता. राजांग नदी आटून आटून पार खाली गेलेली. ती आहे एवढं फक्त बोटींच्या भोंग्यांवरून कळे. माणसं तोंडाला फडकी बांधून चालत आणि समोरचा अगदी अंगावर येईपर्यंत तो कोण ते ओळखू येत नसे.

उंतोल नेहमीसारखा पायीच कचेरीत आला. फडकं सोडून झटकलं, दोनदा खोकला, आणि मागच्या खोलीचं कुलूप काढलं. एकसष्टीचा माणूस. शाळेत कधी गेला नाही. अठ्ठावीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात गेली, आणि अक्षरं ओळखायला तो खांबांवरच्या पाट्यांवरूनच शिकला. गल्लीत आणि कचेरीत सगळे त्याला आपाई मेंती म्हणत, म्हणजे मेंतीचा बाप. इबान जमातीत माणसाला मूल झालं की त्याचं स्वतःचं नाव मागे पडतं, तसं त्याचंही पडलं होतं. त्याला त्यात बरंच वाटे.

खोलीत कपाटाएवढं राखाडी मशीन होतं. युनिक्सवर चालणारं, इतकं जुनं की ज्यांनी बनवलं तेही विसरले असतील. शेजारी फळीवर चार मोडेम, चार फोनच्या लाइनी. वरच्या नदीवरचे नऊ दवाखाने रोज दुपारी दोन ते तीन या वेळात फोन लावत, मशीन त्यांना नाव विचारी, ते नाव सांगून आत येत, औषधांची यादी टाकत आणि जात. यादी छापून निघाली की खालच्या गोदामातून माल बोटीवर चढे.

उंतोलचं काम साधं होतं. राख पुसायची, आत कोण कोण आहे ते मशीनला अधूनमधून विचारायचं, आणि गेलेल्याच्या मागे दार नीट लागलं ना ते पाहायचं. मशीन म्हातारं झालं होतं. लाइन मध्येच तुटली तर कधी कधी त्याला पत्ताच लागत नसे की माणूस गेला. मग दार उघडंच राही, आणि पुढचा जो कोणी फोन करी तो नाव न सांगता थेट आधीच्याच्या जागेवर जाऊन बसे. तसं होऊ नये म्हणून उंतोल दर वेळी मोडेमचं बटण दाबून दार हाताने लावून घेई. चार वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

२

मिस तिओंग टेबलाखाली बॅटरी घेऊन बसली होती. ती कचेरीची साहेब, वय अठ्ठावीस, कुचिंगहून आलेली.

“आपाई, काल नांगा सेराऊ तीन वेळा तुटलं. परवा दोन वेळा.”

“माहीत आहे, मिस.”

माहीत नसायला काय झालं! नांगा सेराऊच्या दवाखान्यात नर्स होती ती मेंतीच. त्याची एकुलती एक. तिथं धुराने गुदमरलेली अकरा पोरं होती आणि ऑक्सिजनचे सिलिंडर संपत आले होते. गोदामवाला जराई मशीनमधून निघालेला, नाव छापलेला कागद हातात पडल्याशिवाय सिलिंडर सोडत नसे. फोनवर तोंडी सांगितलेलं तो ऐकून घेई आणि मान हलवी. त्यात नदी इतकी उतरली होती की वरचे खडक उघडे पडायला लागले होते. आज चारला सुटणारी बोट गेली की पाऊस पडेपर्यंत दुसरी नाही.

दोघांनी मिळून सकाळभर बिघाड शोधला. उंतोलची पद्धत जुनी: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी केबल बदलली. मग पहिला मोडेम तिसऱ्याच्या जागी. मग भिंतीतली जोडणी. तरी नांगा सेराऊला फोन लावून तिकडून परत फोन करायला सांगितलं की दोन रिंगा वाजत आणि गप्प.

“तार संपते तिथून पुढचा रेडिओचा टप्पा धुरामुळे दम धरत नाहीये,” मिस तिओंग म्हणाली. “दोन रिंगांत तुटतं. पण मग आपला मोडेम दोन रिंगा काय करतोय? झोपलाय?” तिने कीबोर्डवर काहीतरी टाकलं आणि मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. “तिसऱ्या रिंगला उचल असं कुणी सांगितलंय याला?”

उंतोलने टोपी काढून पुन्हा घातली. “मीच.”

“का?”

“आई सांगायची, मिस. रानात एकदाच हाक आली तर ओ देऊ नये. माणूस असेल तर पुन्हा मारतो.”

मिस तिओंग टेबलाखालून बाहेर आली. केसांना राख लागली होती. “म्हणजे चार वर्षं सरकारी मोडेम तुमच्या आईचं ऐकतोय?”

“काही बिघडलं नाही ना त्याने.”

“अहो, बिघडलंय! तुमचीच पोरगी बाहेर ताटकळतेय आणि तुम्ही भुतांसाठी दोन रिंगा राखून ठेवल्यात!” ती हसत सुटली, आणि हसता हसता तिने तीनचा एक केला. “आता पहिल्याच रिंगला उचलेल. चला, कपभर कोपी पाजा मला.”

उंतोलही हसला. तिचं बरोबरच होतं.

३

साडेअकराला पहिला फोन आला. एकच रिंग, मोडेमने उचलला, तांबडा दिवा लागला. या वेळेला कुणाचा फोन नसतो.

उंतोलने कान दिला. मोडेम एकमेकांना भेटले की किंचाळतात, आणि कोणता दवाखाना कसा किंचाळतो ते त्याला पाठ होतं. कापितचा घोगरा, सोंगचा पोपटासारखा. हा काहीच बोलला नाही. दिवा मात्र जळत राहिला. स्क्रीनवर मशीनने विचारलं, नाव. पलीकडून उत्तर नाही. मिनिटभराने मशीनने आपण होऊन दार लावलं आणि दिवा विझला.

पाच मिनिटांनी पुन्हा. दुसऱ्या लाइनीवर. मग पहिल्या.

“लाइनीत नुसता खडखडाट असला तरी मोडेमला रिंग वाटते,” मिस तिओंग म्हणाली. “एका रिंगवर ठेवलं की हे होणारच.”

हे उंतोललाही ठाऊक होतं. खांबावर कावळा बसला तरी घंटी वाजते. तो मान डोलवत राहिला.

चौथ्या वेळी पलीकडून उत्तर आलं. मशीनने नाव विचारलं, आणि त्याच्याखाली तीच अक्षरं तशीच उमटली: नाव.

“हा प्रतिध्वनी,” मिस तिओंग म्हणाली. “मोडेम आपलंच आपल्याला परत पाठवतोय.” तिने ते परत पाठवणं बंद करून टाकलं, मोडेमची पाठ थोपटली, आणि बोट थांबवून ठेवायला धक्क्यावर निघून गेली. जाताना दारातून म्हणाली, “आपाई, हाक आली तर माझ्या नावाने ओ द्या!”

“असलं थट्टेतही बोलू नये, मिस,” उंतोल म्हणाला. पण ती गेली होती.

मग पाचवा फोन आला. रिंग वाजली, दिवा लागला. मशीन नाव विचारायला नेहमी श्वासभर वेळ घेतं. तेवढ्या वेळात, मशीनने काही विचारण्याआधीच, पलीकडून अक्षरं आली.

नाव.

त्याच्याखाली मग मशीनचं: नाव.

उंतोल स्क्रीनकडे बघत बसला. प्रतिध्वनी त्याने आयुष्यभर ऐकले होते. लांब तारांवर आपलाच आवाज फिरून येतो. पण येतो तो नंतर.

४

खिडकीबाहेर सगळं राखेच्या रंगाचं होतं. खोलीत मशीनचा पंखा घुंईं करत होता आणि भिंतीवरचं घड्याळ एकेक ठोका हळू टाकत होतं. उंतोलने खणातून आपला जुना फोन काढला, तारेला दोन चिमटे लावून लाइन ऐकायचा. त्याच्या पट्ट्याला अठ्ठावीस वर्षं लटकलेला.  

पुढची एक रिंग वाजली. दिवा लागला. त्याने चिमटे लावले आणि फोन कानाला धरला.

आधी काही नाही. मग हळूहळू ऐकू यायला लागलं. पंखा. घुंईं. घड्याळाचा ठोका. ही इथलीच खोली होती. चिमट्यांमधून आपलाच आवाज शिरत असेल, तो म्हणाला. दोन तारा कुठे तरी चिकटल्या असतील. असं होतं.

तेवढ्यात पलीकडे कुणीतरी खोकलं. म्हातारा, कफाने भरलेला खोकला, दोनदा. आणि मग गळ्यात अडकलेलं गिळल्यासारखा आवाज.

हा तर माझाच, उंतोलच्या मनात आलं. त्याला अगदी बरं वाटलं. मग लक्षात आलं की आपण खोकलोच नाही.

आणि त्याच क्षणी त्याचा घसा खाजला, धूर आत गेल्यासारखा, आणि त्याला दोनदा खोकला आला, आणि त्याने अडकलेलं गिळलं.

त्याने चिमटे काढले. फोन खणात ठेवून दिला. खण नीट बसेना, तो गुडघ्याने लोटला.

५

दोनला दहा मिनिटं कमी असताना त्याने एकाचे पुन्हा तीन केले. मिस तिओंगला काय सांगायचं ते नंतर बघू. धक्क्यावरून ती वर येणार नव्हती.

खोली निवांत झाली. एकेकटी रिंग येई, मोडेम हलत नसे, रिंग थांबे. पुन्हा येत नसे. दोन वाजता सोंगचा पोपट आला, मग कापित, मग बाकीचे. जवळचे दवाखाने तीन रिंगांपर्यंत तग धरत. आठ याद्या आल्या, आठ वेळा त्याने बटण दाबून दार लावलं. त्याच्या जिवात जीव आला.

दोन वाजून पंचवीस मिनिटांनी रिंग वाजली. पुन्हा वाजली. थांबली.

उंतोल उठून उभा राहिला.

रिंग. रिंग. गप्प.

रेडिओच्या टप्प्यावरून येणारी रिंग जरा बसक्या आवाजाची असते. ही मेंती होती. चार तासांच्या वाटेवर, वर, धुरात, एका हाताने फोन फिरवणारी. लहानपणी ती असंच दार वाजवायची, थांबायची, वाजवायची. रडायची मात्र नाही.

रिंग. रिंग. गप्प.

दोन चाळीस. बोट चारला, पण जराईला माल चढवायलाच तास लागे. उंतोल कीबोर्डपाशी बसला. तर्जनीने तीन पुसला. घड्याळ बघितलं. अकरा पोरं. मग त्याने एक टाकला आणि हात लगेच मांडीवर घेतले, चटका बसल्यासारखे.

दिवे काळे होते. पंखा चालू होता.

बसकी रिंग वाजली, अर्धीच, आणि मोडेमने उचलला. किंचाळी अशी गोड त्याने कधी ऐकली नव्हती. नाव, मशीनने विचारलं. आणि पलीकडून एकेक अक्षर आलं: मेंती.

६

यादी छापायला लागली. सिलिंडर सोळा. मास्क. तापाच्या गोळ्या. शेवटच्या ओळीवर प्रिंटर अडखळला, आणि लाइन तुटल्याची ती ओळखीची खरखर झाली. पण कागदावर नाव आलं होतं, आकडे आले होते. उंतोलने कागद फाडला आणि धावला. या वयात जसं धावता येतं तसं.

जराईने कागद दिव्याखाली धरला, नाकाजवळ नेला. “आपाई, तुमच्या पोरीने गोदामाची किल्लीच तेवढी मागायची बाकी ठेवलीय!”

“जराई, बाबा, नंतर बोल. आधी उचल.”

“उचलतो हो. अकरा पोरांचं मलाही कळतं.”

सोळाही सिलिंडर फळीवरून बोटीत घरंगळत गेले तेव्हा उंतोलने कठडा सोडला. धक्क्यावरून मिस तिओंगने दोन्ही हात वर करून त्याला अंगठे दाखवले. तो जिना चढून वर आला तेव्हा साडेतीन वाजून गेले होते, आणि अर्ध्या जिन्यात त्याला आठवलं की आपण दार लावलं नाही.

पहिल्या लाइनीचा तांबडा दिवा जळत होता.

त्याने मशीनला विचारलं, आत कोण. मशीनने सांगितलं, मेंती.

असेल, यादीची शेवटची ओळ पुन्हा पाठवत असेल, तो म्हणाला. तेवढ्यात टेबलावरचा बोलायचा, वेगळ्या लाइनीचा फोन वाजला.

“आपाई? ऐकू येतंय का? आली का यादी?”

“आली गं, आली. सोळा चढले. मी डोळ्यांनी बघितले.” त्याचा आवाज भरून आला. “पोरं कशी आहेत?”

“दोन वाईट आहेत. पण रात्रीपर्यंत पोचेल ना बोट? पोचेल. आपाई, रडतोस की काय?”

“धूर आहे. मेंती, तू आता लाइन सोड बघू. अजून आत आहेस.”

“कुठे आत?”

“मशीनच्या. तुझं नाव दिसतंय इथे.”

“माझी तर मघाशीच तुटली.” खरखरीतून ती हसली. “इथे फोन एकच आहे आपाई. तो मी तुझ्याशी बोलायला धरलाय.”

उंतोलने मान वळवली. स्क्रीनवर, त्याच्या मुलीच्या नावाखाली, कुणीतरी कामाला लागलं होतं. घाई नव्हती. एकेक कागद उघडला जात होता, वाचला जात होता, बाजूला ठेवला जात होता. आधी औषधांच्या जुन्या याद्या. मग मेंतीने मैत्रिणीला लिहिलेली पत्रं. मग एक फॉर्म उघडला आणि तो तसाच राहिला. उंतोलला वाचायला वेळ लागे, पण हा फॉर्म त्याला माहीत होता. नोकरी लागली तेव्हा मेंतीने तो याच खोलीत भरला होता आणि तो शेजारी बसून होता. जन्मतारीख. उंची. उजव्या भुवईवर व्रण. बापाचं नाव. राहते घर: नदीकाठची गल्ली, खांबांवरचं तिसरं घर, निळं दार.

“आपाई? बोल ना. आपाई?”

त्याने फोन टेबलावर ठेवला आणि भिंतीतून तार उपटली. नुसती पहिलीच नाही, चारही. दिवा विझला.

आत कोण, त्याने विचारलं.

मेंती, मशीन म्हणालं.

तार त्याच्या हातात होती. तिच्या टोकाला काहीच नव्हतं. तो पाहत असताना फॉर्म मिटला. मग नाव यादीतून गेलं, आणि मशीनने त्याच्याखाली एक ओळ लिहिली. लाइन तुटली की ती ओळ येत नसते. आतला माणूस काम संपवून, निरोप घेऊन, आपल्या पायांनी बाहेर पडतो तेव्हाच ती येते.

उंतोलने फोन उचलला. “मेंती, आहेस ना?”

“आहे की. काय झालं?”

“काही नाही. तू तिथेच थांब. दवाखाना सोडून कुठे जाऊ नको.”

“कुठे जाणार मी? अकरा पोरं आहेत माझ्याजवळ.” आणि रेडिओचा टप्पा तुटला.

७

मिस तिओंगला त्याने एवढंच सांगितलं की तारा मीच काढल्यात, उद्या बघू. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि थट्टा केली नाही. “घरी जा, आपाई,” ती म्हणाली. “आज तुम्ही मोठं काम केलंत.”

वाटेत तो स्वतःची समजूत घालत चालला. म्हातारं मशीन. खरखर. जे खरखरीतून येतं त्याला माणूस हवं ते रूप देतो. बोट सुटल्याचा भोंगा त्याने कानांनी ऐकला होता. सोळा सिलिंडर वर चालले होते. मुलगी धडधाकट होती, तिच्याशी तो बोलला होता, ती हसली होती. याहून जास्त कशाला हवं होतं? धुरातून समोर एखादा माणूस येई, अंगावर आल्यावर ओळखीचा निघे, मान लववून जाई. दर वेळी उंतोल थोडा थांबे.

गल्लीत शिरताना त्याला आपल्या घराची खिडकी दिसली. सकाळी धूर नको म्हणून त्याने ती घट्ट लावली होती. ती उघडी होती.

शेजारची माचिक सेरिया, सगळ्या गल्लीची मावशी, आपल्या पायरीवर मिदिनची भाजी निवडत बसली होती. त्याला पाहून तिने मांडीवरची पाटी खाली ठेवली, आणि तिचं तोंड आनंदाने फुललं.

“आलात का आपाई मेंती! किती वाट बघायला लावायची पोरीला? चार वाजल्यापासून आलीय. मला म्हणाला नाहीत तुम्ही कधी, की ती येणार आहे! कुठल्या बोटीने आलीस विचारलं तर नुसती हसते. निळं दार कुठलं, निळं दार कुठलं, असं आपलंच घर मला विचारत होती, धुराने पार गोंधळलीय बिचारी. मग मीच हाताला धरून वर नेलं आणि माझ्याकडच्या किल्लीने दार उघडून दिलं. असे उभे काय राहिलात? जा ना वर. ती बघा, आली तुमची चाहूल लागून दारात.”